चुण्यांचे पडदे: पन्हे किती घ्यायचे आणि चॅनेल कुठे ठोकायचा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातला नवा फ्लॅट, हॉलला 6 फूट रुंद स्लायडिंग खिडकी, बेडरूमची खिडकी पश्चिमेला. रिंगांचे रेडीमेड पडदे नकोत, चुण्यांचे शिवून घ्यायचे आहेत. दुकानदार म्हणतो 4 पन्हे (म्हणजे कापडाच्या पूर्ण रुंदीचे तुकडे) पुरे, शेजारच्या काकू म्हणतात 6 लागतील. रॉड की चॅनेल (रनर आतून सरकतात ती पट्टी), आणि कापड कुठलं?

ताई, दुकानदार आणि काकू दोघंही बरोबर असू शकतात. कापडाचा पन्हा किती इंची, हे मात्र दोघांनीही सांगितलेलं नाही. पडद्याचं कापड बहुतेक 48 किंवा 54 इंची पन्ह्यात मिळतं, जाळीचं तलम कापड 110-118 इंचीही मिळतं, आणि हातमागाचं घ्यायला गेलात तर 36 किंवा 45 इंचांवर भागवावं लागतं. त्यामुळे ‘किती पन्हे’ला तसा काही अर्थ नाही. चुणीला किती कापड मिळणार, ते विचारायचं. मी पडद्यांचंच काम करतो आणि गिऱ्हाइकाला पहिल्यांदा हेच सांगतो, की पैसे कमी असतील तर साधं कापड घ्या, पण भरपूर घ्या. भारी कापड काटकसरीने शिवलं की पडदा लावल्यावर चादर वाळत घातल्यासारखा दिसतो आणि त्यावर नंतर काही इलाज नसतो.

आता तुमच्या खिडकीचा हिशोबच करून दाखवतो. खिडकी 72 इंच. दोन्ही बाजूंना 6-6 इंच जास्त धरून चॅनेल 84 इंचांचा. पडदे दोन, म्हणजे एकाच्या वाट्याला 42. मधे दोन पडदे एकमेकांवर चढायला हवेत, त्याचे 2 इंच. बाहेरच्या टोकाला पडदा वळून भिंतीला टेकला पाहिजे, नाहीतर बाजूच्या फटीतून उजेड आत येतो, त्याचे 3 इंच. म्हणजे शिवून तयार झालेला एक पडदा वरच्या कडेला 47 इंच भरला पाहिजे.

54 इंची पन्ह्याचे दोन जोडले की 108. जोडाच्या शिवणीत 1 इंच गेला, दोन्ही उभ्या कडा दुहेरी दुमडताना 3-3 इंच गेले, हाती राहिले 101. त्यातून 47 वजा केले की चुण्यांसाठी 54 इंच शिल्लक. वळणाचे 3 आणि चढाचे 2 सोडून मधल्या 42 इंचांत साधारण सव्वाचार इंचांवर एक अशा 11 चुण्या बसतात. 54 भागिले 11, म्हणजे एका चुणीत जवळपास 5 इंच. तीन बोटांच्या, म्हणजे तीन घड्या एकत्र धरलेल्या चुणीला एवढंच लागतं. तेव्हा 54 इंची कापड असेल तर दुकानदाराचे 4 पन्हे अगदी बरोबर आहेत.

तेच 48 इंची कापड घेतलं तर हाती राहतात 89, चुण्यांना 42 आणि एका चुणीला पावणेचारच्या आसपास. यात तीन बोटं काढली तर ती काडीसारखी बारीक होतात. मग दोन बोटांची चुणी घाला, तीही छान दिसते, आणि छोट्या खोलीत मला तर तीच जास्त आवडते. तीन बोटांचीच हवी असेल तर 5 पन्हे घ्या, प्रत्येक पडद्याला अडीच. अर्धा पन्हा नेहमी भिंतीकडच्या बाजूला जोडायचा, मधे कधीच नाही. काकूंचे 6 पन्हे मलमल किंवा व्हॉइलसारख्या पातळ कापडाला शोभतील. तिथे अडीच-पावणेतीन पट कापड लागतंच, त्याशिवाय ते भरत नाही. जाड कापडाला 6 पन्हे घातलेत तर उघडल्यावर दोन्ही बाजूंना एवढा मोठा गठ्ठा होईल की खिडकी चार फुटांचीच उरेल.

चुण्यांच्या नावांच्या भानगडीत पडू नका. एकाच चुणीला एक दुकान थ्री प्लीट म्हणतं, दुसरं अमेरिकन प्लीट. शिंप्याला हाताने घडी करून दाखवायला सांगा. बॉक्स प्लीट पेल्मेटच्या (चॅनेल झाकणाऱ्या वरच्या पट्टीच्या) झालरीला शोभते, रोज सरकवायच्या पडद्याला ती नको, कारण ती गोळा होत नाही. टेप लावून दोऱ्या ओढायची पेन्सिल प्लीट स्वस्तात होते आणि धुताना दोऱ्या सोडून सपाटही करता येते. भाड्याच्या घरात तीच करावी, पुढच्या घरी चुणी कमी-जास्त करून तोच पडदा दुसऱ्या खिडकीला बसवता येतो. नागमोडी लाटांचा रिपल पडदा हल्ली सगळ्यांना हवा असतो. दिसतो देखणा, पण त्याचा चॅनेल आणि रनर वेगळे असतात. साध्या चॅनेलवर ‘जमवून देतो’ म्हणणाऱ्याकडून तो करून घेऊ नका.

लांबीचं बोलू. चॅनेल खिडकीच्या 6 इंच वर लावला तर फरशीपर्यंत साधारण 90 इंच भरतील. वर बकरमभोवती (चुण्या ताठ ठेवणाऱ्या आतल्या पट्टीभोवती) दुमडायला 5, खाली 4 इंचांची दुहेरी दुमड म्हणजे 8, आणि कापताना तिरकं गेलं तर सांभाळायला 1, असे 14 इंच धरा. एका पन्ह्याला 104 इंच. चार पन्ह्यांचे झाले 416 इंच, म्हणजे सुमारे 10.6 मीटर. हा हिशोब साध्या किंवा बारीक विणीच्या कापडाचा. मोठी फुलं असतील आणि नक्षी दर 24 इंचांनी परत येत असेल, तर प्रत्येक पन्हा त्याच जागी सुरू व्हायला हवा, म्हणून 104 चे 120 होतात आणि एकूण कापड 12.2 मीटरवर जातं. म्हणजे दीड मीटरहून जास्त कापड कापून टाकायचं. दुकानात नक्षी आवडली की आधी टेप लावून ती किती इंचांनी परत येते ते मोजा आणि मगच भाव विचारा. शिलाईचा दर सहसा पन्ह्यावर असतो, त्यामुळे 48 आणि 54 इंचीच्या भावाची तुलना करताना शिलाईही धरा. मीटरमागे स्वस्त वाटलेलं कापड हिशोबाअंती महाग पडलेलं पुष्कळदा दिसतं.

खालची दुमड 4 इंचांची आणि दुहेरीच घ्या. शिंपी दीड-दोन इंचांत आटपायला बघतात. दुमड रुंद असली की पडदा सरळ खाली पडतो, आणि उद्या कापड आटलं तर सोडायला जागा राहते. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा 3 ते 5 सहज आटतं. 90 इंचांत तीन-चार इंच गेले की पडदा फरशीवरून चांगलाच वर उचललेला दिसतो. म्हणून सुती असेल तर कापण्याआधी सगळं कापड पाण्यात भिजवून सावलीत वाळवून घ्या. शिंपी कुरकुरेल, हरकत नाही. अस्तर सुती असेल तर तेही भिजवा. एक आटलं आणि दुसरं नाही, तर पडद्याला फुगे येतात.

फरशीपासून पडदा अर्धा ते एक इंच वर ठेवा. मासिकांतले जमिनीवर लोळणारे पडदे आपल्याकडे नकोत. रोज ओलं फडकं फिरतं, पहिल्याच महिन्यात खाली मातकट पट्टा उमटतो. पलंग खिडकीला लागून असेल तर खिडकीच्या खाली 5-6 इंचांवर पडदा संपवला तरी चालतो, पण भिंतीवर मधेच कुठेतरी संपवू नका.

कापडाबद्दल माझं मत साधं आहे. हॉलसाठी पॉलिएस्टर आणि सुताच्या मिश्रणाचं, हाताला थोडं जडसर लागणारं, एकरंगी कापड. निखळ पॉलिएस्टर टिकतं, आटत नाही, पण हलकं असेल तर पंख्याच्या वाऱ्यावर फडफडत राहतं आणि चुणी खाली जाता जाता विस्कटते. लिनन सुंदर असतं, पण दमट हवेत खाली उतरतं आणि कोरड्या हवेत परत चढतं. पुण्यात त्याचा फारसा त्रास नाही, रत्नागिरी-अलिबागकडे किंवा मुंबईत समुद्राजवळ त्याची लांबी एका मापावर राहील असं धरून चालू नका. दुकानात कापड हातात घेऊन बघून भागत नाही. ठाणातून दोन मीटर सोडायला सांगा, वरच्या काठाला हातानेच तीन-चार चुण्या घाला, उंच धरा आणि खाली चुण्या कशा पडतात ते बघा. फाकल्या तर ते कापड सोफ्याला किंवा उशीला चांगलं, पडद्याला नाही. मग तेच कापड उजेडासमोर धरा. दुकानातल्या दिव्याखाली गडद दिसणारं कापड खिडकीत उन्हासमोर कितीतरी फिकं आणि पारदर्शक दिसतं. अर्धा मीटर विकत घेऊन दोन दिवस खिडकीला टांगा, यापरता स्वस्त विमा नाही.

आईच्या जुन्या साड्यांचे पडदे करू का, असंही बऱ्याच जणी विचारतात. सुती साडीचे जरूर करा. साडेपाच मीटरच्या साडीतून फरशीपर्यंतचे दोन पन्हे निघतात, आणि पातळ कापडाला काकूंचे 6 पन्हे, म्हणजे तुमच्या खिडकीला तीन साड्या धराव्या लागतील. पण त्या पातळ असल्याने मागे अस्तर हवंच. रेशमी साडी मात्र उन्हात लावू नका. ऊन रेशमाचा धागा कुजवतं आणि नेमकी चुणीच्या पुढच्या कडेला, जिथे ऊन रोज पडतं तिथे, साडी उभी फाटत जाते.

पश्चिमेच्या बेडरूमचं गणित वेगळं आहे. तिथे अंधार हवा की गारवा, ते आधी ठरवा. ब्लॅकआउट कापडाने अंधार होतो. गारवा त्या मानाने थोडाच मिळतो, कारण काचेतून ऊन आत आल्यावर पडदा त्याला अडवतो, तोवर उष्णता खोलीत आलेलीच असते. काचेच्या बाजूला पांढरं किंवा फिकट अस्तर असेल तर त्यातली काही परत बाहेर जाते. खरा फरक बाहेरून सावली केल्याने पडतो, छज्जा किंवा बाहेर टांगलेल्या बांबूच्या चिकाने. पडद्याच्या दुकानात हे कुणी सांगणार नाही. अंधार हवा असेल तर कापडाच्या पाठीवर रबरासारखा लेप दिलेलं स्वस्त ब्लॅकआउट टाळा. चुणीत ते जाड आणि आखडलेलं राहतं, काही उन्हाळ्यांत घडीवर तडकतं, आणि सुईने पडलेल्या प्रत्येक भोकातून सकाळी उजेडाचे ठिपके दिसतात. त्यापेक्षा पुढे आवडीचं साधं कापड आणि मागे विणीतच काळा धागा असलेलं अस्तर वेगळं शिवून त्याच हुकांत अडकवा. धुताना दोन्ही सुटे करता येतात.

आता रॉड की चॅनेल. चुण्यांच्या पडद्याला चॅनेल. वजनाचा अंदाज घ्या: मध्यम जाडीचं कापड चौरस मीटरला 200 ग्रॅम धरलं तर तुमचे चार पन्हे तीन किलोच्या आसपास भरतात, तेवढ्याच जाडीच्या अस्तरासकट सहा. 7 फुटांचा पातळ रॉड मधे एक ब्रॅकेट नसेल तर वाकतो, आणि ब्रॅकेट दिलं तर तिथे रिंग अडते. ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंना एकेक पडदा असेल तर चालून जातं, पण सगळा पडदा एकाच बाजूला न्यायचा असेल तर अडचण. पितळी रॉडची हौस असेल तर जाड नळीचा घ्या आणि पडदा रिंगांच्या खाली लटकवा.

चॅनेलचे स्क्रू टोकापासून 2-3 इंचांवर सुरू करून दर 20-24 इंचांनी यायला हवेत. नव्या इमारतींत खिडकीच्या वर पुष्कळदा थेट आरसीसी बीम असतो. तिथे साधं ड्रिल नुसतं फिरत राहतं, हॅमर ड्रिलच लागतं. मधेच सळई लागली तर जोर करू नका, इंचभर बाजूला सरकून नवीन भोक पाडा, चॅनेलला काही फरक पडत नाही. बाजूच्या भिंती पांढऱ्या हलक्या ब्लॉकच्या असतील तर नेमकं उलट. तिथे हॅमर बंद करून भोक पाडायचं आणि लांब नायलॉनची, त्या ब्लॉकसाठीची गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारा प्लग) वापरायची. साधी आखूड गिट्टी वरच्या जिप्सम प्लास्टरमध्येच राहते आणि पडदा दोन महिने ओढला की स्क्रूसकट बाहेर येते. फॉल्स सीलिंगच्या नुसत्या जिप्सम बोर्डमध्ये चॅनेल कसू नका. आत प्लायची पट्टी दिली आहे का ते कारागिराला विचारा. सीलिंगचं काम अजून व्हायचं असेल तर भिंतीलगत 6 इंचांचा खाचा सोडायला सांगा, दोन चॅनेल लागणार असतील तर 8. एसीची किंवा स्विचची लाइन भिंतीतून सरळ वर गेलेली असते, त्या रेषेत ड्रिल नको.

चॅनेल लेव्हलमध्ये लावायचा की छताला समांतर? छत कुठेच अगदी सपाट नसतं. चॅनेल छतापासून हातभर खाली असेल तर लेव्हल लावून बसवा. छताला चिकटून किंवा दोन-तीन इंचांवर असेल तर छताबरोबर जाऊ द्या, नाहीतर ती निमुळती होत जाणारी फट रोज डोळ्यात खुपेल. खालचा फरक हुकांनी काढता येतो. म्हणूनच वर-खाली सरकणारे प्लास्टिकचे हुक घ्या, त्यांत इंचभर तरी खेळायला मिळतं. लोखंडी हुक स्वस्त असतात, पण पावसाळ्यात गंजून चुणीच्या मागे तांबूस डाग पाडतात आणि तो डाग पुढे उतरतो.

स्लायडिंग खिडकीत एका वेळी अर्धीच बाजू उघडते, हे लोक विसरतात. वारा ज्या बाजूने येतो ती बाजू मोकळी राहील असं बघा. तुमच्याकडे उजवा पल्ला कायम बंद असेल तर डावीकडचा पडदा एका पन्ह्याचा आणि उजवीकडचा तीन पन्ह्यांचा केला तरी चालेल. दिसायला थोडं वेगळं, वापरायला फार सोयीचं. फक्त मग वरचा चुण्यांचा हिशोब दोन्ही पडद्यांसाठी वेगवेगळा मांडावा लागेल.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो: चॅनेल आधी बसवून घ्या आणि कापड त्यानंतर कापायला द्या. खिडकी मोजून शिवलेले पडदे आणि चॅनेलपासून मोजून शिवलेले पडदे यांत दोन बोटांचा फरक हमखास निघतो. माप स्टीलच्या टेपनेच घ्या, शिंप्याच्या कापडी टेपने नको, तो ओढून ओढून लांबलेला असतो.

शिंप्याला बकरम धुता येणारा, 4 इंची हवा, असं स्पष्ट सांगा. खळीचा बकरम दुकानात ताठ असतो आणि पहिल्या धुण्यात लोळागोळा होतो. एकदा वरचा काठ ओघळला की चुणी संपलीच. पडदे घरी आल्यावर वरून नाही, खालून बघा: चुणीची टीप बकरमच्या खालच्या काठापाशी हाताने किंवा बारटॅकने (मशिनच्या दाट आडव्या टाक्याने) पक्की केलेली आहे का. तिथेच सगळा ताण येतो.

टांगल्यावर लगेच हात झटकू नका. पडदा पूर्ण गोळा करा. चॅनेल कापडामागे झाकला जात असेल तर दोन चुण्यांमधला सपाट भाग पुढच्या बाजूला दुमडायचा, रॉडच्या रिंगांखाली लटकत असेल तर मागच्या बाजूला. मग वरून खाली प्रत्येक चुणी बोटांत धरून सरळ रेषेत उतरवत आणा आणि उरलेल्या कापडाच्या सैल पट्ट्यांनी तीन ठिकाणी बांधा. चार दिवस तसंच राहू द्या. घट्ट बांधलंत तर आडवे वळ उठतील. याला पैसे पडत नाहीत, म्हणून बसवायला आलेला माणूस हे करत नाही आणि मग लोक म्हणतात शिवणीत गडबड आहे.

धुणं वर्षातून दोनदा पुरे, एकदा दिवाळीच्या आधी आणि एकदा उन्हाळ्याच्या शेवटी. पावसाळ्यात जाड पडदा धुवायला काढू नका, नीट वाळत नाही आणि कुबट वास बसतो. एरवी महिन्यातून एकदा व्हॅक्यूमच्या ब्रशने वरून खाली फिरवलं तर रस्त्याची धूळ चुणीत साठत नाही. मशिनमध्ये घालताना हुक काढा, गार पाणी, हलकं चक्र, पिळणी अगदी कमी. ओलसर असतानाच परत चॅनेलवर चढवा आणि पंखा लावा, कापडाच्या वजनानेच बऱ्याच सुरकुत्या जातात आणि इस्त्री वाचते.

बेडरूमच्या खिडकीची रुंदी तुम्ही दिलेली नाही. बाजूला कपाट किंवा खांब किती इंचांवर आहे, एसी खिडकीच्या वरच लावला आहे का, आणि छतापासून फरशीपर्यंतची उंची दोन्ही टोकांना आणि मधे किती भरते, एवढं कळवा. एसी वर असेल तर चॅनेल त्याच्या खाली 5-6 इंच सोडून घ्यावा लागेल आणि लांबी बदलेल. त्यावरून पन्हे काढून देतो. तोवर हॉलचा चॅनेल लावून घ्यायला हरकत नाही.